घोडं दारात बांधण्याआधी : चंदी-वैरणीचा हिशेब



मार्गशीर्षातल्या दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची जत्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजार लागतो. तो उरकतो न उरकतो तोच नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा येते, तिथंही घोडी, गाढवं, उंट, बैल असा सगळा बाजार. या बाजारांत घोडं बघायला गेलेला माणूस पुष्कळ काही बघतो. कान टोकाला टोक भिडतात का ते बघतो, दात बघून वय काढतो, भोवरे मोजतो, रवाल चाल चालवून घेतो. फक्त एक गोष्ट विचारायची राहून जाते. हे जनावर दिवसाला खातं किती, आणि ते मी बाराही महिने घालू शकेन का?

त्यात हा बाजार भरतो कधी, तेही ध्यानात घ्या. मार्गशीर्षात डोंगरचं गवत नुकतंच कापून झालेलं असतं, खरिपाची वैरण घरात आलेली असते, विहिरीला पाणी असतं, घासाला कापण्या चालू असतात. सगळीकडं वैरण दिसत असते, म्हणून तिचा भाव डोळ्यांत भरत नाही. घोडं घेतलं जातं मार्गशीर्षात आणि अंगावर येतं चैत्र-वैशाखात. तोवर गंज अर्धी झालेली असते, शेकड्याचा भाव चढलेला असतो आणि घरची गाय-म्हैस त्याच गंजीकडं तोंड करून उभी असते.

आमच्याकडं एका श्रोत्याचं कार्ड आलं, त्यावरून हा लेख. चार एकर कोरडवाहू, पंधरा गुंठे पाण्याखाली, दोन बैल, एक गाय. मुलाला बैलगाड्याचा नाद. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ च्या निकालानं ती कायम झाली, तेव्हापासून मुलगा म्हणतोय की गाड्यापुढं पळायला घरची घोडी हवी. बापाचा प्रश्न साधा आहे : घोडीला महिन्याला खायला किती लागेल? प्रश्न साधा, पण त्याचं उत्तर बाजारात कोणी धड देत नाही. विकणारा म्हणतो, "काय खातंय, बैलाएवढंच." ते खरं नाही.

बैलाला चार कप्प्यांचं पोट असतं. तो भराभर गिळतो आणि मग निवांत बसून रवंथ करतो. निकस कडबा, गव्हाचं काड, उसाचं वाढं यांतूनही तो बरंच काढून घेतो. घोडं रवंथ करत नाही. त्याचं पोट शरीराच्या मानानं लहान, जेमतेम दहा-पंधरा लिटरचं. काड्या-कुड्या आंबवून पचवायचं काम मागच्या मोठ्या आतड्यात होतं, आणि ते बैलाच्या पोटाइतकं नेटकं होत नाही. म्हणून घोडं थोडं-थोडं पण सारखं खातं. मोकळं सोडलं तर दिवसरात्र मिळून चौदा-सोळा तास चरत राहतं. दुसरी गोष्ट, घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेलं वाईट अन्न बाहेर टाकायची सोय देवानं ठेवली नाही. त्यामुळं बैलाला जे खपतं ते घोड्याला जिवावर बेतू शकतं. याचा खर्चाशी फार जवळचा संबंध आहे. स्वस्तातली कुजकी वैरण घालून वाचवलेले पैसे पोटशुळाच्या एका रात्रीत जातात, कधी घोड्यासकट जातात.

आता किती लागतं ते बघू. खुराक ठरतो जनावराच्या वजनावर आणि कामावर. किमतीवर नाही. वीस हजारांचं तट्टू आणि पाच लाखांची मारवाडी घोडी, दोघांचं वजन आणि काम सारखं असेल तर दोघांना खायला सारखंच लागतं. हे नीट समजून घ्या, कारण पुष्कळ लोक महाग घोड्याला महाग खायला घालतात आणि स्वस्त घोड्याला उकिरड्यावर सोडतात. दोन्ही चूक.

वजन काढायला काटा लागत नाही, शिंप्याची टेप पुरे. घोडं सपाट जागी उभं करा. पुढच्या पायांच्या लगेच मागून, छातीभोवती टेप फिरवून घेर मोजा, सेंटिमीटरमध्ये. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेराला घेरानं गुणा, आलेल्या आकड्याला लांबीनं गुणा आणि ११,९०० नं भागा. उत्तर किलोत येतं. समजा घेर १६० आणि लांबी १४०. एकशे साठ गुणिले एकशे साठ म्हणजे २५,६००, त्याला १४० नं गुणलं की ३५,८४,०००, त्याला ११,९०० नं भागलं की ३०१. म्हणजे घोडी तीनशे किलोची. दहा-वीस किलो इकडंतिकडं होईल, त्यानं काही बिघडत नाही. आकडेमोड जमत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला सांगा, त्यालाही मजा वाटेल. धनगरांच्या वाड्यामागून ओझी वाहणारं भीमथडी तट्टू याहून हलकं असतं, उंच मारवाडी किंवा काठेवाडी घोडं भारी.

घोड्याला दिवसाला त्याच्या वजनाच्या शेकडा दोन या हिशेबानं कोरडा चारा-दाणा लागतो. कोरडा म्हणजे पाणी वजा जाता. तीनशे किलोच्या घोडीला सहा किलो. रोज कष्टाचं काम असेल तर शेकडा अडीचपर्यंत, म्हणजे साडेसात किलो. वाळल्या गवतात-कडब्यात दहा किलोमागं नऊ किलो कोरडा भाग असतो. हिरव्या घासात दहा किलोमागं जेमतेम दोन किलो, बाकी पाणी. म्हणूनच नुसता हिरवा भारा टाकून "पोटभर घातलं" म्हणणारा फसतो. या सगळ्यात निम्म्याहून जास्त भाग वैरणीचाच पाहिजे. चंदी कितीही घाला, वैरण कमी पडली तर घोडं दावणीचं लाकूड कुरतडतं, माती खातं आणि पोट धरतं.

हलकं काम करणाऱ्या तीनशे किलोच्या घोडीचा रोजचा खुराक असा बसतो : वाळलेलं गवत किंवा कडबा चार किलो पोटात जाईल असा, म्हणजे पायाखाली जाणारं आणि उष्टं धरून पाच किलो टाकायचा. हिरवा लसूणघास सहा किलो. चंदी दीड किलो, त्यात हरभरा ६०० ग्रॅम, सातू ६०० ग्रॅम, गव्हाचा कोंडा ३०० ग्रॅम. जाडं मीठ ३० ग्रॅम आणि खनिज मिश्रण ३० ग्रॅम. एवढ्यात सहा किलोंच्या थोडं वरच कोरडं अन्न पोटात जातं.

आता पैसे. भाव तालुक्या-तालुक्याला वेगळे आणि महिन्या-महिन्याला वेगळे, म्हणून इथं हिशेबापुरते भाव धरतो. तुम्ही तुमच्या बाजाराचे भाव घालून पुन्हा मांडा. गवत-कडबा किलोला ८ रुपये धरला तर पाच किलोचे ४० रुपये. घास किलोला ५ रुपये, सहा किलोचे ३०. हरभरा ६० रुपयांनी ६०० ग्रॅमचे ३६. सातू ३० रुपयांनी १८. कोंडा २५ रुपयांनी साडेसात. मीठ आणि खनिजाचे ५. बेरीज १३६ रुपये ५० पैसे. तीस दिवसांचे ४,०९५ रुपये. वर्षाचे ४९,८२२ रुपये, म्हणजे पन्नास हजारच म्हणा. घोडं चारशे किलोचं असेल तर याच हिशेबानं दिवसाला १८२ रुपये आणि वर्षाला साडेसहासष्ट हजारांच्या आसपास. यात नालबंदी, जंताचं औषध, डॉक्टर, खोगीर-लगाम काहीच धरलेलं नाही.

ही रक्कम बघून कोणी म्हणेल, कडबा तर घरचाच आहे, त्याचे कसले पैसे? इथंच हिशेब चुकतो. पाच किलोप्रमाणे वर्षाला सव्वाअठरा क्विंटल वैरण लागते. तुमच्या एकराला किती कडबा उतरतो हे तुम्हाला आमच्याहून चांगलं ठाऊक. एकरी बारा क्विंटल धरला तर दीड एकराचा सगळा कडबा एकटी घोडी खाते. कार्ड पाठवणाऱ्या आमच्या श्रोत्याच्या चार एकरांतल्या दीड एकराची वैरण अशी गेली, तर बैलांना आणि गाईला वैशाखात विकत आणावी लागणार. ती विकतची वैरण हाच घोडीचा खर्च, मग ती पेंढी प्रत्यक्ष घोडीच्या दावणीत पडो की गाईच्या.

कडबा विकत घेताना आणखी एक सांभाळा. आपल्याकडं कडबा शेकड्यानं घेतात आणि पेंढी मोजतात, तोलत नाहीत. शेकडा १,२०० रुपये आणि पेंढी दीड किलोची असेल तर दीडशे किलोचे बाराशे, किलोला ८ रुपये पडले. तोच भाव, पण पेंढी बांधणाऱ्यानं हात आखडता घेतला आणि ती एक किलो शंभर ग्रॅमची निघाली, तर किलोला जवळजवळ ११ रुपये पडतात. भाव तोच वाटतो आणि वर्षाकाठी पाच हजारांचा फरक पडतो. चार-पाच पेंढ्या वरच्या, चार-पाच मधल्या अशा काढून ताणकाट्यावर तोला आणि मगच सौदा करा. विकणाऱ्याला राग आला तर येऊ द्या.

मोजमापाचा असाच घोळ चंदीत होतो. सगळं एकाच डब्यानं मोजायची सवय असते. ज्या डब्यात किलोभर हरभरा बसतो त्याच डब्यात कोंडा तीन-चारशे ग्रॅमच बसतो. "दोन डबे चंदी घालतो" याला काहीच अर्थ नाही, कशाचे डबे ते सांगा. हरभरा भिजला की जवळजवळ दुप्पट भरतो, तेव्हा कोरडा असतानाच तोला. भिजवायचा तो चार-सहा तास. उन्हाळ्यात सकाळी भिजवून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवला की आंबतो, आणि आंबलेला हरभरा म्हणजे पोटशुळाला आवतण. एका वेळी किलोपेक्षा जास्त चंदी नको. दीड किलोचे दोन वाटे करा, तीन केले तर आणखी चांगलं. आधी वैरण, मग चंदी. भुकेलं घोडं आधी चंदीवर सोडलं की न चावता गिळतं. लीद फोडून बघत जा. अख्खे दाणे दिसत असतील तर तुमचे पैसे लिदीत चाललेत. दाणा भरडून घाला किंवा दात तपासून घ्या. घोड्याचे दात जन्मभर वाढत असतात, झिजताना कडा धारदार होतात आणि गालाला लागतात. अर्धवट चघळलेले गवताचे बोळे तोंडातून पडताना दिसले तर पशुवैद्यकाला दात दाखवा. कानस फिरवली की पुष्कळदा खुराक न वाढवता घोडं भरतं.

खर्च कुठं कमी होईल

पहिली जागा हरभऱ्याची. चंदी म्हणजे हरभरा असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. शिलेदारांच्या काळापासूनची ती रीत, आणि त्या घोड्यांना दिवसाकाठी मोठमोठ्या मजला मारायच्या होत्या. तुमच्या घोडीला सहा किलो घास मिळतो तेव्हा प्रथिनं तिला घासातूनच मिळतात. हरभरा निम्म्यावर, म्हणजे ३०० ग्रॅमवर आणा आणि सातू ९०० ग्रॅम करा. वर धरलेल्या भावानं ५४ रुपयांचं काम ४५ रुपयांत होतं. रोजचे नऊ, वर्षाचे ३,२८५ रुपये. सातूच्या जागी ओट मिळाला तर घोड्याला तो सर्वांत मानवतो.

कोंड्याबद्दल मात्र सावध राहा. कोंडा स्वस्त आणि घोडं आवडीनं खातं, म्हणून काही जण चंदीच्या नावाखाली नुसता कोंडाच घालतात. कोंड्यात स्फुरद भरपूर आणि चुना फार थोडा. महिनोन् महिने असं चाललं की शरीर हाडांतला चुना ओढून घेतं, हाडं ठिसूळ होतात, तोंडाची हाडं सुजून फुगतात, घोडं लंगडतं. पूर्वी पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांना हा रोग हमखास व्हायचा. चंदीच्या पाचव्या हिश्श्याइतका कोंडा आणि जोडीला घास असला तर भीती नाही, कारण घासात चुना भरपूर असतो.

दुसरी जागा घासाची, आणि ही सगळ्यांत मोठी. दिवसाला सहा किलो म्हणजे वर्षाला बावीस क्विंटल घास. विकत घेतला तर जवळजवळ अकरा हजार रुपये. पाण्याची सोय असलेल्यानं तीन गुंठे लसूणघास केला की हा खर्च बियाणं, खत आणि पाणी एवढ्यावर येतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आर.एल.-८८ हा वाण बहुवर्षायू आहे, एकदा पेरला की तीन-चार वर्षं उभा राहतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायचा, गुंठ्याला पाव किलो बी. पहिली कापणी दोन महिन्यांनी आणि पुढं दर महिन्याच्या आत-बाहेर. बियाण्यात अमरवेलीचं बी नाही ना ते चाळून बघा, नाहीतर पिवळ्या दोऱ्यांचं जाळं सगळा घास खाऊन टाकतं. कापलेला घास लगेच ओला घालू नका. तीन-चार तास पसरून सुकू द्या, म्हणजे पोट फुगत नाही. वर सांगितलेल्या श्रोत्याकडं पंधरा गुंठे पाण्याखाली आहेत. त्यातले तीन गुंठे घासाला दिले तर घोडीचा पाचवा भाग खर्च कमी होतो, आणि उरलेल्या बारा गुंठ्यांत घरचा भाजीपाला कितपत भागतो ते त्यांच्या घरातल्या बाईमाणसांना आधी विचारावं.

तिसरी जागा चराईची. पावसाळ्यात बांधावर, गायरानात चांगलं गवत असेल आणि घोडी पाच-सहा तास चरत असेल तर घास बंद आणि वाळली वैरण निम्मी करता येते. दिवसाला पन्नास रुपये वाचतात, शंभर दिवसांचे पाच हजार. पण उन्हाळाभर वाळल्यावर असलेलं जनावर पहिल्या पावसाच्या लुसलुशीत गवतावर एकदम सोडायचं नाही. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग वाढवत आठ-दहा दिवसांनी पुरतं. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना नव्या चाऱ्याची सवय व्हावी लागते. हाच नियम चंदी बदलताना. आणि ज्वारीचं किराळ, पावसानं ताण दिलेले कोवळे पोंगे यांच्या आसपासही घोडं जाऊ देऊ नका. घोड्यालाही त्याची बाधा होऊ शकते.

चौथी जागा रिकाम्या दिवसांची. वरातीच्या घोड्याचा मालक मोसमात कमावतो आणि चातुर्मासात घोडं उभं करून खायला घालतो. माथेरान-पाचगणीच्या घोडेवाल्यांचंही पावसाळ्यात तेच. काम नसलेल्या घोड्याला पुरी चंदी लागत नाही. चार महिने चंदी निम्मी केली तर वरच्या भावानं ३,७०० रुपये राहतात, आणि घोड्याचंही भलं होतं. पुऱ्या चंदीवर दोन-चार दिवस बांधून ठेवलेलं घोडं एकाएकी कामाला जुंपलं की काही जनावरं कंबरेत धरतात. मागचे पाय ताठ होतात, घाम सुटतो, मूत चहा-कॉफीच्या रंगाचं येतं. तिथंच थांबवायचं, एक पाऊलही चालवायचं नाही, डॉक्टरला जागेवर आणायचं. म्हणून सुट्टीच्या दिवशी चंदी निम्मी, वैरण पुरी. शर्यतीच्या, पळवायच्या दिवसांत उलटं : सातू अर्धा-एक किलोनं हळूहळू वाढवा, मीठ दुप्पट करा, पाणी पुढ्यात ठेवा. घामाघूम घोड्याला लगेच चंदी घालू नका, श्वास खाली बसू द्या.

आणि तूप, दूध, बदाम, अंडी? जत्रेत मालक अभिमानानं सांगतात, रोज दोन लिटर दूध पितो म्हणून. बंधूंनो, शिंगराला दूध हवं. मोठ्या घोड्याला दुधातली साखर नीट पचत नाही, जास्त झालं की हगवण लागते. तुपाचं काम पन्नास-शंभर ग्रॅम साध्या खाद्यतेलानं भागतं. बाकी हौसेला मोल नसतं, पण ती हौस आहे, खुराक नव्हे, हे वहीत वेगळं लिहा.

जिथं काटकसर करायची नाही

बुरशी लागलेला मका हा घोड्याला गुरांपेक्षा कितीतरी घातक. त्यातल्या विषानं मेंदू बिघडतो, घोडं भिंतीला डोकं लावून उभं राहतं, गोल फिरतं आणि दोन-तीन दिवसांत मरतं. यावर औषध नाही. अवकाळीत भिजून काळा पडलेला कडबाही दावणीत नको, त्याची धूळ छातीत बसून घोडं कायमचं दमेकरी होतं.

कोंबड्यांचं खाद्य घोड्याच्या तोंडाला लागता कामा नये. कोंबड्यांना रक्ती हगवण होऊ नये म्हणून त्यात मोनेन्सिनसारखी औषधं घालतात, आणि गुरांच्याही काही खाद्यांत ती असतात. गाईला जी मात्रा पचते ती घोड्याचं हृदय निकामी करते. तीनशे किलोच्या घोडीला एक ग्रॅमही पुरतो. शेजारी पोल्ट्री असेल आणि रिकामी पोती चंदी भरायला स्वस्तात मिळत असतील तर तीही घेऊ नका. युरियाची प्रक्रिया केलेली वैरण आणि युरिया असलेलं पशुखाद्य बैलाच्या पोटात कामी येतं. घोड्याला त्याचा उपयोग शून्य आणि जास्त झालं तर विष. पशुखाद्याचं पोतं घेण्याआधी त्यावर काय काय छापलंय ते वाचून घ्या, "गुरांचंच आहे, चालतंय" या दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

चंदीच्या कोठीला कडी हवीच. रात्री सुटून घोड्यानं पोतं फोडलं आणि पाच-सात किलो दाणा खाल्ला, तर सकाळी ते ठीक दिसतं, हसत-खेळत असतं. म्हणून गप्प राहू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खुरांच्या आत दाह होतो, घोडं पुढचे पाय पुढं टाकून मागच्यावर भार देऊन उभं राहतं, आणि पुढं ते कामाचं उरत नाही. खाल्लेलं कळल्या क्षणी पशुवैद्यकाला बोलवा.

पाण्याला पैसे पडत नाहीत तरी तिथंच हयगय होते. तीनशे किलोच्या घोडीला दिवसाला पंचवीस-तीस लिटर, वैशाखात आणि कामावर चाळीस-पन्नास लिटर पाणी लागतं. वाळल्या कडब्यावर असलेल्या घोड्याला पाणी कमी पडलं की आतड्यात वैरणीचा गोळा अडकतो. गव्हाचं काड आणि भुसकट घालणाऱ्यांनी हे जास्त ध्यानात ठेवावं.

वैरण पुरवण्याची काळजी नवी नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी चिपळूणला घोडदळाची छावणी होती, तेव्हा शिवछत्रपतींनी तिथल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र आजही वाचायला मिळतं. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आताच बेफाम उधळलंत तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि मग तुम्ही रयतेच्या घरात शिरून दाणा-वैरण ओरबाडाल, असा त्याचा आशय आहे. उंदीर दिव्याची जळती वात ओढून नेतील आणि गवताला आग लागेल इतकं बारीक त्यात सांगितलंय. राज्य चालवणारा माणूस गवताच्या गंजीचा विचार करतो, आणि आपण वैशाखात गंज संपल्यावर शेजाऱ्याकडं बघतो.

मार्गशीर्षातच सव्वाअठरा क्विंटलांपैकी किती घरात आहे ते मोजून ठेवा. दर महिन्याला दीड क्विंटल जाणार. पुढच्या गवताच्या हंगामापर्यंत जेवढी तूट दिसेल तेवढी वैरण भाव पडलेला असतानाच घेऊन टाका. कडबा कुट्टी करून घातला तर घोडं पानं वेचून ताटं टाकत नाही, नासाडी कमी होते. कुट्टी दोन-तीन बोटं लांब असावी, फार बारीक झाली तर न चावता गिळतात. गंज उंच ओट्यावर, वरून झाकलेली, चुलीपासून आणि विजेच्या तारांपासून लांब.

देशात २०१२ च्या पशुगणनेत घोडी-तट्टं सव्वासहा लाखांच्या घरात होती. २०१९ च्या गणनेत ती ३ लाख ४० हजारांवर आली. टांगे गेले, ओझी टेम्पोत गेली. कमाई गेली की पहिला घाव चंदीवर पडतो, मग वैरणीवर, आणि शेवटी दावं सोडून जनावर रस्त्यावर. खुराक पुरतोय की नाही ते बरगड्यांवरून हात फिरवून कळतं. बरगड्या हाताला लागाव्यात पण डोळ्यांना दिसू नयेत. दिसायला लागल्या तर वैरण कमी आहे किंवा जंत झालेत. हाताला लागतच नसतील तर चंदी जास्त झालीय.

कार्ड पाठवणाऱ्या श्रोत्यांना आमचं उत्तर असं : घासाचे तीन गुंठे, पावसाळी चराई आणि हरभऱ्याची काटछाट हे सगळं केलंत, तर हाताबाहेर जाणारा खर्च पन्नास हजारांवरून तीस-पस्तीस हजारांवर येईल, त्याखाली नाही. त्यातही घरचा कडबा बाजारभावानं धरावाच लागेल. बदल्यात वर्षाला चार-पाच टन ओली लीद मिळेल, ती उकिरड्यात शेणाबरोबर मिसळा. शर्यतीचं बक्षीस हिशेबात धरू नका. मुलाला आधी घास पेरायला सांगा. पहिली कापणी हाती आली आणि तोवर त्याचा उत्साह टिकला, तर पुढच्या दत्तजयंतीला टेप खिशात घेऊन सारंगखेड्याला जा आणि तीनशे किलोच्या वरची घोडी बघू नका.

तुमच्या घोड्याच्या खुराकाबद्दल विचारायचं असेल तर कार्डावर छातीचा घेर, लांबी, वय, काम कोणतं आणि सध्या काय काय किती तोलून घालता ते लिहा. डबे लिहू नका, किलो लिहा.